डी ड्राइव्हमधल्या पाककृती

येळवशीच्या दिवशी उदगिरात घरी थांबणारी माणसं दोनच प्रकारची. एक अंथरुणाला खिळलेली आणि दुसरी काहीतरी लपवणारी. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. ज्याला शेत नाही तो शेजाऱ्याच्या शेतात जातो, कारण मिसळ भाज्यांच्या भज्जीला आणि ताकातल्या आंबिलाला नाही म्हणणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचाय. दुकानांची शटरं खाली, स्टँड रिकामं, रस्त्यावर कुत्रीसुद्धा गोंधळलेली. अशा दिवशी सकाळी अंबिका बिराजदार डोकं धरून ओट्याशी बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. माझं डोकं लई ठणकतंय."

अमरेश बघतच राहिला. एकोणतीस वर्षांच्या संसारात या बाईनं अंगात ताप असतानाही येळवस चुकवली नव्हती.

"अगं, जीपमध्ये बस नुसती. शेतात गेल्यावर खोपीत पडून राहा."

"जीपच्या हादऱ्यानं अजून ठणकंल."

सासूबाई गौरम्मा आंबिलाचं मडकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या होत्या. त्या खाली उतरल्या, घरात आल्या, सुनेच्या कपाळावर तीन बोटांनी विभूती ओढली आणि म्हणाल्या, "पडून राहा. दार लावून घे." आणि परत जाऊन मडकं मांडीवर घेतलं. गौरम्मांचा हा एकच इलाज होता. गॅसची टाकी नवी आली, लाव विभूती. नातवाची परीक्षा, पॅडला लाव विभूती. मिक्सर बिघडला, त्यालाही तीन पट्टे. घरातली एकही वस्तू त्यांच्या बोटांतून सुटलेली नव्हती.

निघता निघता अमरेश जीपमधून ओरडला, "आणि त्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावू नको. उद्या सकाळी मृत्युंजयच्या दुकानात टाकतो. अर्ध्या तासात नीट करून देतंय ते पोरगं."

अंबिकानं दार लावलं, कडी घातली, वरची खिटी घातली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. डोकं अजिबात ठणकत नव्हतं. काळीज मात्र ठणकत होतं, कारण तो डबा मृत्युंजयच्या दुकानात जाणं हीच ती भीती होती जिच्यासाठी तिनं येळवस मोडली होती.

अंबिका मुळातच भित्री. निलंग्याला माहेरी असताना ती रात्री विहिरीचं झाकण तीनदा बघून यायची. सासरी आली आणि गॅसचं बटण तीनदा बघू लागली. अशा बाईनं अकरा वर्षं एवढा धोक्याचा उद्योग करावा, याला काय म्हणायचं? तिला स्वतःलाही ते कधी कळलं नाही.

उद्योग दिसायला साधा. सासरे गुरुपादप्पा लिंगायत समाजातल्या सोयरिकी जुळवायचे. उदगीर, जळकोट, रेणापूर, तिकडे भालकी-बिदरपर्यंत कुणाचं कूळ काय, कुणाचं गोत्र काय, आजोळ कुठलं, हे सगळं त्यांनी एका जाडजूड वहीत लिहून ठेवलं होतं. वही कानडीत. गुरुपादप्पांची शाळा त्या बाजूला झालेली, हात त्या लिपीत बसलेला. अकरा वर्षांपूर्वी ते गेल्यावर काम अंबिकानं उचललं, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि दारावर पाटी लावली, 'शिवपार्वती वधूवर सूचक केंद्र'. बायोडाटा कॉम्प्युटरमध्ये गेले. वही मात्र वहीच राहिली, देव्हाऱ्याखालच्या फडताळात, लाल फडक्यात गुंडाळून. ती वाचू शकणारं गावात कुणी उरलं नव्हतं. अंबिकालाही ती वाचता येत नव्हती, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सगळी गंमत इथेच होती.

अंबिकाची एक रीत होती. मुलीला घेऊन आईबाप आले की ती त्यांना म्हणायची, "तुम्ही जरा समोर जाऊन चहा पिऊन या. मला पोरीला सैपाकाचं इचारायचंय." आईबाप खूष होऊन जायचे. दार लोटलं की अंबिका मुलीजवळ सरकून हळूच विचारायची, "बाई, तुला खरंच करायचंय का हे लग्न? कुठं अडतंय?" पहिली पाच मिनिटं मुलगी पदराशी खेळायची. मग बोलायची. कुणाला शिकायचं होतं. कुणाच्या मनात दुसरा कुणी होता. कुणाला काकाच्या घराची भीती होती, आणि ती का होती हे ऐकताना अंबिकाच्या अंगावर काटा यायचा. मुलगी गेल्यावर ती हे सगळं टाइप करून ठेवायची, 'पाककृती' नावाच्या फोल्डरमध्ये. लिहिल्याशिवाय लक्षात कसं राहणार? तीनशेच्या वर मुली झाल्या होत्या.

आणि जिथं मुलगी नको म्हणायची, तिथं अंबिका चार दिवसांनी वही काढायची. मुलाकडचे, मुलीकडचे समोर. लाल फडकं सोडायची, नमस्कार करायची, पानं उलटायची, एका ओळीवर बोट ठेवायची आणि उसासा टाकून म्हणायची, "घात झाला. दोन्हीकडं गोत्र एकच निघालं. भाऊ-बहीण लागतात हो." एका गोत्रात लग्न होत नाही. वाद संपला. कुणी रागावायचं नाही, कुणाची बदनामी व्हायची नाही, मुलीकडे बोट दाखवायचं तर प्रश्नच नाही. खोटं होतं का? शंभर टक्के खोटं होतं. महिनाभर ते उघडं पडायची भीती तिला असायची, आणि तरी पुढची मुलगी आली की ती आईबापांना चहाला पाठवायचीच.

मृत्युंजयची बहीण मंजुषा हे त्यातलंच एक नाव. चार वर्षांपूर्वी हैदराबादचं स्थळ, मुलगा इंजिनिअर, सुपारी फुटायला दोन दिवस. दार लोटल्यावर मंजुषा म्हणाली होती, "अक्का, मला बारा वर्षांची असल्यापासून फीट येतात. दादा म्हणतो सांगायचं न्हाई. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून दिल्यात त्यानं. मी खोटं बोलून कुणाच्या घरात जाणार न्हाई. पण मी सांगितलं हे दादाला कळलं तर तो मला घराबाहेर पाय टाकू देणार न्हाई." अंबिकानं वही काढली. स्कंद गोत्र, दोन्हीकडं. मृत्युंजय तेव्हा दारात उभा होता. त्यानं वहीकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर अंबिका विसरली नव्हती. मंजुषा आता जळकोटला शाळेत शिकवत होती, रोज जाऊन-येऊन. अजून बिनलग्नाची, अजून भावाच्या घरात.

इतकी वर्षं कॉम्प्युटर सर्व्हिसिंगला द्यायचा तर अंबिका आधी 'पाककृती' पेनड्राइव्हवर काढून घ्यायची आणि आतून पुसायची. या खेपेला सोमवारी मशीन चालता चालता निळं पडलं ते पडलंच. काहीच काढता आलं नाही. उद्या तो डबा मृत्युंजयच्या टेबलावर उघडणार, आणि आत त्याच्या बहिणीचं नाव घालून केलेली फाईल. म्हणून बुधवारी ती लातूरला बहिणीकडे जाते म्हणून गेली आणि स्टँडजवळच्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर विंडोज भरून आणलं, घरीच टाकायला. घरात लपवायचं कुठं? देव्हाऱ्यात, विभूतीच्या डबीमागे. तिथं सासूबाईंशिवाय कुणाचा हात जात नाही, आणि सासूबाई तर बँकेतसुद्धा अंगठा देतात. त्यांना पेनड्राइव्ह काय आणि शिट्टी काय.

दहा वाजता तिनं पेनड्राइव्ह लावला. मोबाईलवर व्हिडिओ चालू केला, एक मुलगा भरभर हिंदीत सांगत होता, की ही कळ दाबा, ते निवडा. डिस्कच्या पानावर दोन ओळी आल्या. व्हिडिओतला मुलगा म्हणाला, सगळं डिलीट करून टाका. अंबिकानं व्हिडिओ थांबवला. तिला आठवलं, पूर्वी मृत्युंजयनंच सांगितलं होतं, अक्का, महत्त्वाचं डी ला ठेवत जावा, सी गेलं तरी डी राहतंय. पाककृती डी ला होत्या. तिनं फक्त सी ची, पहिली ओळ पुसली आणि पुढे चालली.

आकडा चढू लागला. दहा. वीस. तीस. अंबिका पदर तोंडाला लावून बसली होती. एकेचाळीस टक्क्यांवर आकडा थांबला, आणि मग इंग्रजीत पाटी आली. हवी ती फाईल सापडत नाही किंवा खराब आहे, इन्स्टॉलेशन होऊ शकत नाही. खाली एक लांबलचक नंबर.

आता तर आतलं जुनंही पुसलं गेलं होतं, म्हणजे डबा पहिल्यापेक्षा जास्त मेला होता. आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. उद्या अमरेश विचारणार, मी हात लावू नको म्हणालो होतो ना? का लावलास?

दुसऱ्यांदा केलं. या वेळी अडतीसवर थांबलं. तिसऱ्यांदा बारावरच. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एरवी समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज नकोसा व्हायचा. आज तो नव्हता तर तिला घर ओसाड वाटू लागलं. कुणाला विचारावं? गावातली सगळी दुकानं शेतात जेवत होती. मध्येच दिवा डोळा मारल्यासारखा लवला, तिनं "महादेवा" म्हणून बटणाकडेच हात जोडले. वीज गेली नाही.

दुपारचे दोन वाजले. चौथ्यांदा डिस्कचं पान समोर आलं तेव्हा तिच्या मनात आलं, एवढं जिवाला खाऊन घ्यायचं कशाला? ती दुसरी ओळपण पुसून टाकली की झालं. उद्या जाऊ दे डबा कुठं जायचा तिथं. एक बटण, आणि आयुष्यभराची भीती गेली. तिनं बाण दुसऱ्या ओळीवर नेला. खाली 'डिलीट' लिहिलेलं. बोट माऊसवर.

पण येत्या सोमवारी उज्वलाला बघायला पाहुणे येणार होते. उज्वला म्हणाली होती, मला चालेल, पण अमुक एका घरात नको, तिथं माझ्या मैत्रिणीचं काय झालं मला माहीत हाय. कुठलं घर? निलंग्याचं की औशाचं? अंबिकाला काही केल्या आठवेना. आठवेना म्हणूनच तर लिहून ठेवलं होतं. आणि उज्वला एकटी थोडीच होती? तीनशे मुलींनी आपल्या मनातली गोष्ट तिच्याकडे ठेवायला दिली होती, आणि ती स्वतःच्या भीतीपायी त्यांना काडी लावायला निघाली होती. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं बोट उचललं आणि रडली. चांगली हमसून रडली. घरात कुणी नव्हतं, तेवढी एक सोय होती.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागतं हे बायकांना माहीत असतं. तिनं विचार केला. एकेचाळीस, अडतीस, बारा. आत काही मोडलं असतं तर दर खेपेला एकाच जागी मोडलं असतं. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी अडतंय म्हणजे कुठंतरी नीट लागत नाही. मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही की तो असाच मध्येच बंद पडतो. तिनं पेनड्राइव्ह उपसून खिडकीपाशी नेला.

पेनड्राइव्हच्या तोंडात पांढरं पीठ भरलं होतं. वरच्या काळ्या प्लॅस्टिकवर तीन पुसट पट्टे.

"अय्यो, अव्वा!" अंबिका मोठ्यानं म्हणाली. देव्हाऱ्यात काहीतरी नवं आलंय म्हटल्यावर सासूबाईंनी त्याचीही पूजा केली होती. जी विभूती आयुष्यभर सगळ्यांचं रक्षण करत आली, तीच आज मुळावर आली होती. तिला हसावं की रडावं कळेना. जुना दात घासायचा ब्रश आणला, हळूहळू खरवडलं, फुंकर मारली, कापसानं पुसलं. कॉम्प्युटरच्या भोकातही भुकटी गेली असणार म्हणून मागच्या बाजूच्या भोकात लावलं. आणि परत चालू केलं.

एकेचाळीस आले आणि गेले. साठ. ऐंशी. शंभर. पावणेचारला पडद्यावर नवं कोरं निळं चित्र उभं राहिलं, तेव्हा अंबिकानं कॉम्प्युटरच्या डब्यावरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा.

तिनं डी उघडला. बायोडाटाचे फोल्डर जागच्या जागी. पाककृतीही. तिनं एक फाईल उघडली. अक्षरंच नव्हती. इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा, ना आगा ना पिछा. दुसरी उघडली, तोच चिवडा. सगळं बिघडलं की काय? मग तिला कळलं, तिचा जुना मराठी टाइपिंगचा फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नाही. फायली आहेत, पण कुणाला वाचता येणार नाहीत. सकाळपासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रात्री काढून घेऊ पेनड्राइव्हवर, म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

तेवढ्यात दारात जीप थांबली. कडी काढली तर समोर अमरेश, त्याच्यामागे सासूबाई, आणि त्यांच्यामागे मृत्युंजय, तोंडभर हसत.

"याचं शेत आपल्याला लागूनच की," अमरेश म्हणाला. "तुझं डोकं दुखतंय म्हणून लवकर निघालो, म्हटलं यालाच घेऊन चलावं. उद्यावर कशाला?"

"शरणार्थ अक्का," म्हणत मृत्युंजय आत आला आणि सरळ खुर्चीत बसला. "अरे, हे तर चालू हाय! नवं विंडोज? कुणी टाकलं?"

"मीच," अंबिका म्हणाली. आवाज नीट निघाला नाही.

अमरेशनं तिच्याकडे वळून बघितलं. "डोकं दुखत होतं न्हवं तुझं?"

"थांबल्यावर बसले जरा."

"लई भारी अक्का! माझ्या दुकानातल्या पोरांना येत न्हाई नीट." मृत्युंजयची बोटं भराभर चालत होती. तिनं "राहू दे, चहा घे आधी" म्हणेपर्यंत त्यानं डी उघडलासुद्धा. "बायोडाटा… पाककृती… बाप रे, तीनशे बारा फायली? इतकं काय काय करता खायला?"

"काहीबाही," ती म्हणाली.

त्याचा बाण पाककृतीवरून फिरला आणि बायोडाटावर थांबला. त्यानं एक फाईल उघडली. "हां, फॉन्ट गेलाय. ह्यात काय हाय, दोन मिनिटं." खिशातून त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. अंबिका बघत राहिली. चिवडा हलला, आणि पडद्यावर शुद्ध मराठी उभं राहिलं. आता सगळंच वाचता येत होतं. पाककृतीसुद्धा.

"बघू, सगळ्यांना लागलाय का," म्हणत त्यानं यादी खाली सरकवली. माणूसच तो. बहिणीचं नाव दिसल्यावर बोट तिथंच गेलं. मंजुषाचा जुना बायोडाटा उघडला, लाल साडीतला फोटो, शिक्षण, उंची. मृत्युंजय वाचत होता आणि त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"अक्का, इथं गोत्र नंदी लिहिलंय."

अंबिकानं खोचलेला पदर पुन्हा खोचला.

"आई नंदीच म्हणायची. तुम्ही त्या टायमाला स्कंद म्हणालात. स्कंद निघालं म्हणून स्थळ मोडलं."

"तुझ्या आईनं सांगितलं ते लिहिलं रे मी. वहीत नंतर बघितलं."

"मग वही काढा की." तो शांतपणे म्हणाला, आणि ते शांतपणच भयंकर होतं. "चार वर्षं झाली, बहीण घरात हाय माझी. मला बघू द्या एकदा."

"त्याला कानडी येतंय होय वाचायला?" अमरेश मध्येच म्हणाला.

"आता मोबाईल वाचतंय, अण्णा. कुठलीबी भाषा."

हे अंबिकाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वही खोटी ठरली तर पुढचा प्रश्न एकच, का मोडलंत? आणि त्याचं उत्तर त्याच्या हाताखालच्या माऊसपासून एका बोटावर होतं. मंजुषाची गोळ्यांची बाटली, 'दादाला कळलं तर', सगळं तिथं, तारखेसकट. ती फडताळापाशी गेली. लाल फडक्याची गाठ तिला लवकर सुटेना. नेहमीच्या सवयीनं तिनं नेहमीचं पान उघडून समोर ठेवलं.

मृत्युंजयनं मोबाईल पानावर धरला. सगळे बघत होते. पडद्यावर अक्षरं थरथरली, बदलली.

"म्हैस," मृत्युंजय म्हणाला. "हळद. तीन दिवस." त्यानं मोबाईल झटकला, परत धरला. "पुन्हा म्हैसच दाखवतंय. हातानं लिहिलेलं ह्याला कळत न्हाई वाटतं. थांबा, उजेडात धरतो."

"दे इकडं," गौरम्मा म्हणाल्या.

त्या खाली जमिनीवर बसल्या होत्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी चष्मा काढला. "माझ्या मालकाची वही हाय. मोबाईल कशाला लावतूस त्याला? मी वाचते."

"अव्वा, तुला कुठं वाचता येतंय?" अमरेश हसला.

"भालकीला चौथीपत्तुर शाळा झाली माझी. कानडी शाळा. या गावात मला कुणी कानडी दिलंच न्हाई वाचायला, म्हणून मी अडाणी." त्यांनी वही मांडीवर घेतली, बोटाला थुंकी लावून वीस-पंचवीस पानं मागं उलटली आणि एका ठिकाणी थांबल्या. मग वाचू लागल्या, आधी कानडीत, मग मराठीत. "लिंबाळवाडीचे संगप्पा. तुझा आजा. त्याची बायको औरादची, माहेरचं नाव पार्वती. चार पोरं, एक देवीनं गेलं. बरोबर?"

मृत्युंजयनं मान हलवली. त्याचा चेहरा बदलला होता. आजीच्या माहेरचं नाव घरातल्या थोड्याच माणसांना माहीत होतं.

अंबिका भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी आदळत होती. ही बाई वाचतेय. खरोखर वाचतेय. अकरा वर्षं याच कोपऱ्यात वाती वळत बसलेली असायची, आणि मी हिच्यासमोर बोट ठेवून वाटेल ते वाचत आले. आता ती गोत्राच्या ओळीवर येणार.

गौरम्मांचं बोट ओळीवरून सरकत आलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा नीट केला. सुनेकडे बघितलं नाही.

"गोत्र, स्कंद," त्या म्हणाल्या.

मृत्युंजयनं मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, "म्हणजे आईचंच चुकलं तर."

"चुकतंय बाबा. म्हातारी माणसं," गौरम्मा म्हणाल्या आणि वही मिटून फडकं गुंडाळू लागल्या.

चहा झाला. मृत्युंजय उठला, अंबिकाला म्हणाला, "अक्का, मनात धरू नका." अमरेश त्याला सोडायला जीप घेऊन गेला. जीपचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत अंबिका तशीच उभी होती. मग ती सासूसमोर जमिनीवर बसली.

गौरम्मांनी वहीच्या गाठीवर विभूती लावली. "नंदीच लिहिलंय तिथं," त्या म्हणाल्या. "आन् तू दर खेपेला बोट ठेवतीस न्हवं, ते पान म्हशीच्या काढ्याचं हाय. पुढच्या टायमाला निदान माणसांचं पान तरी धर. मी खूण करून ठेवते."

"अव्वा… तुम्हाला सगळं ठाऊक होतं? मग कधी बोलला कसं न्हाई?"

गौरम्मांनी चष्मा पुसून पिशवीत ठेवला.

"तेरा वर्षांची होते मी, या घरात आले तवा," त्या म्हणाल्या. "माझ्या आईबापाला कुणी चहाला धाडलं न्हाई."